सेकंडहँड कपड्यांतून घरच्या घरी नवे कपडे शिवायला सुरुवात कशी करावी? (पहिला शर्ट बिघडलाय!)

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड घेतलेला ढगळ शर्ट दोन्ही बाजूंनी टीप मारून आत घेतला, आरशात बराही दिसला, पण हात वर केला की अख्खा शर्ट हाताबरोबर वर येतो. शिवणकाम जेमतेम येत असताना हा उद्योग करावा की नाद सोडावा, असं विचारलंय.

नाद सोडू नका. तुमची टीप चुकलेली नाही, मुंढा (म्हणजे बाही जिथे धडाला जोडतात ती काखेभोवतीची गोलाई) चुकलाय.

ढगळ शर्टाचा खांदा दंडावर उतरलेला असतो आणि मुंढा काखेच्या चांगला चार बोटं खाली असतो. तुम्ही फक्त बाजू आत घेतल्यात. मुंढा होता तिथेच खाली राहिला. आधी शर्ट ढगळ होता म्हणून ते खपून जात होतं. आता अंग घट्ट झालं, त्यामुळे हात उचलला की बाही धडाला ओढून वर नेते. मुंढा मोठा म्हणजे हाताला मोकळीक जास्त, असं वाटतं खरं. प्रत्यक्षात उलट असतं. काखेला लागून बसणारा मुंढाच हात मोकळा सोडतो. हे डोक्यात शिरायला माझे तीन शर्ट खर्ची पडलेत, त्यामुळे तुमचा एक काही फार नाही.

आतलं जास्तीचं कापड अजून कापलं नसेल तर शर्ट पूर्ण वाचतो. मारलेली टीप उसवा, बाह्याही उसवून वेगळ्या करा. अंगाला नीट बसणारा दुसरा एखादा शर्ट घ्या, तो उभा मधोमध दुमडा, या शर्टाचं धडही तसंच दुमडा आणि एकावर एक ठेवा. मग खांदा, मुंढा आणि बाजू यांच्या रेघा खडूने उतरवून घ्या. रेघेबाहेर दीड सेंटीमीटर माया, म्हणजे शिवणीसाठीचं जास्तीचं कापड, सोडून कापा. बाजू आत आली की मुंढ्याचा तळ आपोआप वर चढतो, कारण मुंढ्याची गोलाई बाजूकडून खांद्याकडे चढतच गेलेली असते. आता टेप आडवी न ठेवता कडेवर उभी धरा आणि मुंढ्याची गोलाई मोजा, तशीच बाहीच्या डोक्याची, म्हणजे बाहीच्या वरच्या गोल कडेची, मोजा. बाही एक-दोन सेंटीमीटर जास्त भरली पाहिजे. फारच जास्त भरत असेल तर बाहीच्या खालच्या शिवणीतून कमी करा, डोक्याला हात लावू नका.

कापड कापून टाकलं असेल तर काखेत कळी घाला. काखेत जिथे चार शिवणी भेटतात, तिथे बाजूची आणि बाहीच्या खालची शिवण सहा-सात सेंटीमीटर उसवायची आणि त्या फटीत चौकोनी तुकडा, एक टोक बाहीकडे आणि एक धडाकडे करून बसवायचा. दहा सेंटीमीटरचा चौकोन पुरतो. तो असा कापा की बाहीकडच्या टोकापासून धडाकडच्या टोकापर्यंतची ओढ कापडावर तिरकी बसेल, कारण कापड तिरकं ओढलं तरच ताणतं. उभ्या-आडव्या धाग्यावर ओढून बघा, जागचं हलणार नाही. कोपरे आधी हाताने धावदोरा घालून पक्के करा, मग मशीनवर घ्या. तुमच्याकडे शर्टाच्या कापलेल्या पट्ट्या असतील तर कळी त्यातूनच निघते. म्हणून काम पूर्ण होईपर्यंत चिंधीसुद्धा फेकू नये.

आता मोठ्या प्रश्नाकडे. जुना कपडा म्हणजे स्वस्तात मिळालेलं कापड, असं धरून बहुतेक जण त्याला कात्री लावतात आणि तिथेच फसतात. कापड म्हणून बघितलं तर त्यात काही राम नाही. लहान-लहान तुकडे, मध्ये शिवणी, कुठे खिसा, कुठे घासलेलं. आपल्याला खरी मिळते ती आयती शिलाई. शर्टाची बटणपट्टीच घ्या. आत कॅनव्हास घालून ताठ केलेली, सहा-सात काजं सारख्या अंतरावर, पट्टीवरची उभी आणि कॉलरच्या पट्टीवरचं तेवढं आडवं. हे काम घरच्या मशीनवर करायला बसलात तर एक दुपार जाते आणि तरी एखादं काज तिरकं होतंच. कॉलर, कफ, जीन्सची चेन, कमरेचा पट्टा, चोरखिसा ही सगळी अवघड कामं कुणीतरी आधीच करून ठेवलीत. त्यामुळे मी आधी ठरवते की या कपड्यातलं काय मोडायचं नाही, आणि नवा कपडा त्याच्या भोवती बसवते.

म्हणून माझ्याकडे कात्रीआधी सीम रिपर (टाके तोडायचं छोटं हत्यार) चालतो. उसवण्याचा लोकांना कंटाळा येतो, कारण ते एकेक टाका तोडत बसतात. तसं करायचं नसतं. साधी मशीनची टीप असेल तर एका बाजूने दर चौथा-पाचवा टाका तोडत जा आणि मग कापड उलटून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा. अख्खा दोरा सरळ हातात येतो. ओव्हरलॉक, ज्याला काहीजण इंटरलॉक म्हणतात, ते दिसायला भीतिदायक असतं, पण त्यात सुईचे एक-दोन दोरे सरळ रेषेत गेलेले असतात. तेवढे शोधून ओढून काढले की बाकीचं जाळं आपोआप गळून पडतं. आणि साखळी टीप असेल तर मजाच आहे. बऱ्याच जीन्सच्या पायाच्या घडीला ती असते. आतून बघा, साखळीसारख्या कड्या दिसतात. शिवण जिथे संपली त्या टोकाचा आतला दोरा सोडवून ओढला की सर्रकन पूर्ण घडी सुटते. चुकीच्या टोकाने ओढलात तर घट्ट बसते. तेव्हा दुसरं टोक धरायचं, चिडायचं नाही.

उसवलेल्या शिवणीच्या जागी सुईची भोकं राहतात. सुती कापडावर पाणी शिंपडून वाफेची इस्त्री फिरवली आणि नखाने जरा चोळलं की ती मिटतात. रेशमावर बहुतेकदा राहतात, चामड्यावर तर कायमची. दुसरी गोष्ट म्हणजे घडीच्या आतलं कापड विटलेलं नसतं. एकदा मी निळी पॅंट लांब करायला पायाची घडी सोडली, तर खाली तीन बोटं गडद निळा पट्टा निघाला. शेवटी त्या रेघेवरच एक बारीक प्लीट घातली आणि तसंच डिझाइन आहे, असा चेहरा करून वर्षभर वापरली.

कपडा निवडताना मी रंग सगळ्यात शेवटी बघते. आधी उजेडासमोर धरते. कोपर, काख, मांड्यांची आतली बाजू, बसण्याची जागा इथे कापड जाळीसारखं दिसलं तर तेवढा भाग मेलेला समजायचा. मग दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड हलकेच ताणून बघते. धागे सरकले किंवा करकरले तर परत ठेवते. स्ट्रेच जीन्स असेल तर गुडघ्याजवळ ताणून सोडते. कापड परत जागेवर गेलं नाही, लाटा राहिल्या, तर आतलं इलॅस्टिकचं सूत संपलेलं असतं आणि त्याला उपाय नाही. आकाराचं म्हणाल तर मोठ्यातून लहान होतं, लहानातून मोठं करायला ठिगळं लागतात. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरही ब्रिटनमध्ये १९४१ ते १९४९ कपड्यांचं रेशनिंग होतं, तेव्हा घरोघरी पुरुषांच्या सुटांचे बायकांचे कोट-स्कर्ट झाले, ते याच हिशेबाने. उलट दिशेने कुणी गेलं नाही.

आणल्यावर आधी धुवायचं, ज्या पाण्यात पुढे नेहमी धुणार त्याच पाण्यात. आटायचं तेवढं कापण्याआधीच आटू दे. लोकरीला मात्र गरम पाणी आणि रगडणं चालत नाही. तिच्या तंतूंवर खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर मुलाच्या मापाचा होतो. अर्थात, असा बिघडलेला स्वेटर फेकू नका. नीट आटला असेल तर त्याचे धागे सुटत नाहीत, म्हणजे कापून टोपी, हातमोजे काहीही करा, कडा दुमडायची गरजच नाही.

कापड कशाचं आहे हे लेबल फाटलेलं असेल तर जाळून कळतं. आतल्या मायेतून चार धागे काढा, चिमट्यात धरा आणि बेसिनवर पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख मऊ आणि करडी. पॉलिएस्टर वितळतं आणि गार झाल्यावर कडक मणी उरतो. लोकर आणि रेशमाला केस जळल्याचा वास येतो. हे इस्त्रीसाठी माहीत असायला हवं, आणि रंगवायचं असेल तर जास्तच.

रंगवण्यावरून आठवलं. एक पांढरा सुती शर्ट मी गडद हिरवा रंगवला. कापड झक्क रंगलं, आणि सगळ्या टिपा पांढऱ्याफेक राहिल्या. शर्ट सुती असला तरी शिवायचा दोरा बहुतेक वेळा पॉलिएस्टरचा असतो, आणि सुताला लागणारा रंग त्याला लागत नाही. दोघातिघांनी विचारलं की ही पांढरी शिलाई मुद्दाम केलीय का. मी हो म्हणाले.

पहिलं काम म्हणून मोठ्या मापाच्या शर्टाचा स्कर्ट करा. बटणं लावून शर्ट टेबलावर पसरा. छातीचा खिसा आधी उसवून ठेवा. मुंढ्यांच्या लगेच खालून आडवी सरळ रेघ मारून कापा. हातात राहते ती नळी, पुढे आयती बटणपट्टी, खाली आयती गोलाईची घडी. तिचा घेर सीटच्या, म्हणजे नितंबांच्या, मापापेक्षा निदान दहा सेंटीमीटर जास्त असला पाहिजे, नाहीतर बसताना बटणं तुटतील. वरची कड एक सेंटीमीटर आत, मग परत साडेतीन सेंटीमीटर आत दुमडून अडीच सेंटीमीटरच्या इलॅस्टिकसाठी नेफा करा. नवशिके इथे अडतात, कारण नेफ्यात एखादं बटण येतं आणि इलॅस्टिक पुढे जातच नाही. म्हणून कापायच्या आधीच बघा. तिथे बटण येत असेल तर ते काढा आणि पट्टी तेवढ्या भागात शिवून बंद करा. इलॅस्टिक कमरेपेक्षा पाचेक सेंटीमीटर कमी घ्या. बाह्यांचे खिसे होतात, कफ वरच्या बाजूला ठेवलात तर खिशाचं तोंडही तयारच मिळतं.

मशीन कुठलंही चालेल, सुई मात्र बदला. पाकिटावर ८०/१२ असं लिहिलेलं असतं. त्यातले ८० म्हणजे सुई ०.८ मिलिमीटर जाड. शर्टाला ही चालते, जीन्सला १००/१६ लागते, टी-शर्टला बॉलपॉइंट म्हणजे गोलसर टोकाची, नाहीतर सुई विणीचे धागे तोडते आणि धुतल्यावर भोकं पडतात. टी-शर्टवर सरळ टीप मारू नका, बारीक झिगझॅग घ्या, म्हणजे ताणल्यावर दोरा तुटणार नाही. जीन्सच्या खिशांच्या कोपऱ्यांना ते तांब्याचे खिळे असतात ना, त्यांचं पेटंट १८७३ चं आहे. जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने खिसे फाटू नयेत म्हणून ती युक्ती काढली. आपल्या सुया मोडायला ती आजही तितकीच उपयोगी आहे. चाक हाताने फिरवत जा, नाहीतर तो भाग टाळा.

तुमच्या शर्टाच्या कापलेल्या पट्ट्या उरल्यात का आणि कापड कुठलं आहे, तेवढं खाली लिहा, म्हणजे कळीचं माप नक्की सांगता येईल. आणि शर्ट चौकडीचा असेल तर कळीची चौकट जुळवायच्या फंदात पडू नका. ती तिरकी असते, जुळणारच नाही, आणि काखेत कोण बघतंय.