कृष्णवर्णीय ज्येष्ठ स्वयंसेवेत दिसत नाहीत, कारण...

तुम्ही लिहिलंय की निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेत बाल्टिमोरच्या उपनगरात आलात, लायब्ररीत आठवड्यातून दोनदा पुस्तकं लावता, आणि तिथे सगळे गोरे किंवा आपल्यासारखे. कृष्णवर्णीय आजी-आजोबांना यात रस नसतो का, असा तुमचा प्रश्न.

असतो हो. मी नऊ वर्षं वेस्ट बाल्टिमोरच्या एका प्राथमिक शाळेत मुलांचं वाचन घेतो. आमच्या टेबलावर मी सोडून सगळ्या सत्तरीपुढच्या कृष्णवर्णीय बायका. याच शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी 'एक्स्पीरियन्स कोअर' हा ज्येष्ठांनी शाळेत मदत करायचा उपक्रम अभ्यासला: वय ६०च्या पुढे, आठवड्याला किमान १५ तास शाळेत. त्यातही बहुसंख्य कृष्णवर्णीय बायकाच होत्या. फरक एवढाच की खर्चापुरतं थोडं मानधन मिळायचं. 'पैसे घेतले तर सेवा कसली?' हे आपल्याकडचे लोक लगेच म्हणतात. बसचं भाडं ज्याला जाणवत नाही, त्याने म्हणावं.

तुमच्या लायब्ररीत ते दिसत नाहीत, कारण मुळात वस्त्याच अशा पाडल्यात. १९१० साली बाल्टिमोरने कोणत्या रस्त्यावर कोणत्या रंगाच्या माणसाने राहायचं याचा कायदा केला. १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लुइव्हिल शहराच्या खटल्यात असे कायदे मोडीत काढले. पण १९३०च्या दशकात गृहकर्जाच्या सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगवल्या गेल्या, म्हणजे तिथे कर्ज धोक्याचं. घर विकताना किंवा भाड्याने देताना भेदभाव करायला बंदी आली ती १९६८ मध्ये. तोवर पैसा दुसरीकडे गेला होता. २०१५ मध्ये शहरात व्हायची असलेली पूर्व-पश्चिम रेल्वेही तेव्हाचे मेरीलँडचे राज्यपाल होगन यांनी रद्द केली. तिचं नाव रेड लाइन, योगायोग बघा.

आता आमच्यातल्या एका बाईंचं सांगतो. वय ७६. एका संस्थेने फॉर्म ऑनलाइन भरायला लावला आणि बोटांचे ठसे द्यायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला बोलावलं. दोन बस बदलून गेल्या. मशीनने ठसे घेतलेच नाहीत. तीस वर्षं लाँड्रीत काम करून बोटं गुळगुळीत झालेली! (आधारच्या मशीनपुढे बोट पुसत उभ्या राहिलेल्या आजी आठवा.) 'पुन्हा या' म्हणाले. त्या पुन्हा गेल्या नाहीत.

त्याच बाई दर शनिवारी चर्चच्या तळघरात शिध्याच्या पिशव्या भरतात, शेजारणीला डायलिसिसला सोबत करतात, वर नातवंडंही सांभाळतात. 'कोणत्या संस्थेत स्वयंसेवा करता?' असं विचारलं तर म्हणतात, 'कुठेच नाही.' चाळीत दहा घरची आजारपणं काढलेली माझी आईही हेच म्हणाली असती.

तुम्हाला यायचं असेल तर स्वतःचा उपक्रम घेऊन येऊ नका. आधी महिनाभर त्या सांगतील ते करा. गाडी असेल तर दोघींना घरून आणायची जबाबदारी घ्या. त्याचा उपयोग तुमच्या डिग्रीपेक्षा जास्त. शनिवारी साडेआठला पिशव्या भरायला हात कमी पडतात. बटाट्याची पोती जड असतात, कमरेचा पट्टा लावून या.