ड्रॅगन मान्य, मग अंतराचा हिशेब का मागावा?

आपण विचारले आहे की, ज्या मालिकेत ड्रॅगन उडतात आणि मेलेली माणसे चालतात, तिच्या एखाद्या भागात तर्क शोधणे म्हणजे स्वतःच्याच मनोरंजनावर पाणी फिरवणे नव्हे का? मला तसे वाटत नाही, कारण माझी तक्रार मनोरंजनाच्याच बाजूने आहे.

उदाहरणासाठी ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या सातव्या पर्वातील सहावा भाग घेतो, जो २० ऑगस्ट २०१७ रोजी प्रसारित झाला. सर्सी राणीला पुरावा म्हणून एक चालते प्रेत पकडून नेण्यासाठी मालिकेचा नायक जॉन स्नो मोजक्या सोबत्यांसह उत्तर सीमेवरच्या प्रचंड बर्फाच्या भिंतीपलीकडे जातो आणि गोठलेल्या तळ्यातील एका खडकावर प्रेतांच्या सैन्याकडून वेढला जातो. त्यांच्यातला गेंड्री धावत भिंतीपर्यंत परततो, तेथून कावळा निरोप घेऊन दूर दक्षिणेला ड्रॅगनस्टोन बेटावर पोहोचतो आणि ड्रॅगन बाळगणारी राणी डेनेरिस त्यांच्यासह उडत येऊन जॉनच्या टोळीला सोडवते. पडद्यावर मात्र या सगळ्यात जेमतेम एक रात्र गेल्यासारखी वाटते. वेळेचा हिशेब धूसर झाल्याचे दिग्दर्शक ॲलन टेलर यांनीही नंतर एका मुलाखतीत मान्य केले होते.

इंदुरात रामबागेतल्या आमच्या घरी धाकट्या भावासोबत हा भाग पाहताना मी श्वास रोखून बसलो होतो, हे प्रथम प्रामाणिकपणे सांगतो. जेवताना आम्ही आईला कथा सांगितली, तेव्हा मालिका कधीच न पाहिलेल्या तिने एवढेच विचारले, “निरोप जाऊन ती बाई येईपर्यंत ही माणसं त्या खडकावर खात काय होती?” आम्हा दोघांनाही उत्तर देता आले नाही. लक्षात घ्या, ड्रॅगनबद्दल तिने एक शब्दही विचारला नव्हता.

अद्भुत कथेत अशक्य गोष्ट श्रोता आनंदाने स्वीकारतो; त्या गोष्टीने स्वतः घालून घेतलेला नियम मोडला की मात्र तो अडखळतो. राजवाड्याजवळच्या नृसिंह बाजारातून जाताना मला नेहमी हिरण्यकशिपूच्या वराची आठवण होते: दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. त्या कथेचा सारा थरार यातच आहे की देवही वराचे एकेक कलम पाळतो आणि तिन्हीसांजेला उंबरठ्यावर प्रकट होतो. तोच देव वर धाब्यावर बसवून भरदुपारी आला असता, तर ती कथा आजीने आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितली असती, असे मला वाटत नाही.

या मालिकेनेही असाच एक नियम घालून दिला होता. पहिल्याच भागात राजाचा ताफा उत्तरेत पोहोचतो, तेव्हा आम्ही महिनाभर प्रवास करत आहोत, असे सर्सी बोलून दाखवते. अंतर कापायला वेळ लागतो, म्हणून निरोप उशिरा पोहोचतात, मदत चुकते आणि माणसे मरतात. मालिकेतील भीतीचा मोठा भाग यावरच उभा होता. मदत हवी तेव्हा हजर होते असे एकदा दिसले की पुढच्या संकटात प्रेक्षकाचा जीव तितकासा टांगणीला लागत नाही.

या सुटकेच्या वेळी मारल्या गेलेल्या एका ड्रॅगनला तळ्यातून ओढून काढायला प्रेतांच्या सैन्याकडे एवढ्या मोठ्या साखळ्या कुठून आल्या, हा आक्षेपही तेव्हा गाजला होता. मला तो किरकोळ वाटतो.

खरी हळहळ वेगळीच आहे. कालगणनेचे साधन लेखकांच्या हातात आयतेच होते. प्रेतांच्या भाराने खडकाभोवतीचा बर्फ फुटला आहे, त्यामुळे तळ्याचे पाणी पुन्हा गोठेपर्यंतच ही माणसे सुरक्षित आहेत. रात्रीत सोबत्यांपैकी थोरोस थंडीने दगावतो, आणि हाउंड या दुसऱ्या सोबत्याने फेकलेला दगड बर्फावर आपटून थांबतो, तेव्हा प्रेतांना वाट मोकळी झाल्याचे कळते. हाच प्रसंग चार-पाच रात्रींचा केला असता, दिवसा किंचित वितळणारा आणि रात्री अधिक घट्ट होणारा बर्फ, संपत आलेले अन्न, एकमेकांना जागे ठेवण्यासाठी चाललेले बोलणे आणि काठावर हलतही नसलेले ते सैन्य दाखवले असते, तर कावळ्याला वेळ मिळाला असता आणि आमची धाकधूकही कितीतरी पटींनी वाढली असती. त्यासाठी लढाईतली दोन-तीन मिनिटे कमी झाली असती, तरी मी ती आनंदाने सोडली असती.