एजंटना ईमेल अकाउंट्स नेमून देणाऱ्या सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन कसं लिहावं?

तुमचा प्रश्न मला असा कळला: ऑफिसातल्याच टीमने एक टूल बनवलंय. सपोर्ट, बिलिंग, तक्रार अशी वेगवेगळी ईमेल अकाउंट्स आहेत आणि कोणत्या अकाउंटवर कोणता एजंट, म्हणजे ग्राहकांच्या मेलना उत्तरं देणारा कर्मचारी, बसणार हे त्या टूलमधून ठरतं. आता त्याचं डॉक्युमेंटेशन तुमच्या गळ्यात पडलंय.

हे काम मी केलंय आणि पहिल्या खेपेला सपशेल तोंडावर पडलोय. प्रत्येक स्क्रीनचा स्क्रीनशॉट, प्रत्येक बटणाखाली एक ओळ. 'सेव्ह दाबल्यावर बदल सेव्ह होतात' असल्या ओळी! मग एका सुपरवायझर बाईंनी नोकरी सोडून गेलेल्या एजंटला अकाउंटवरून काढलं आणि त्याच्या नावावरचे उघडे मेल कोणाच्याच यादीत दिसेनात. ग्राहकांचे फोन यायला लागले तेव्हा पत्ता लागला. बाईंनी माझं डॉक्युमेंट वाचलं होतं बरं का. 'काढा' हे बटण कुठे आहे ते त्यात लिहिलं होतं, दाबल्यावर हातातल्या मेलचं काय होतं ते नव्हतं.

तेव्हापासून मी स्क्रीनचा नाद सोडला. एक मेल पकडायचा आणि तो आल्यावर कोणाकडे जातो, का जातो, कुठे अडकू शकतो हे सांगत जायचं. बटणं त्या ओघात येतात तेवढी पुरतात.

त्याआधी एक घोळ निस्तरा. 'असाइन' हा शब्द अशा टूलमध्ये दोन अर्थांनी फिरतो. एजंटला अकाउंटवर असाइन केलं म्हणजे त्याला तिथले मेल दिसतील, उत्तर देता येईल. मेल एजंटला असाइन केला म्हणजे तो आता त्याची जबाबदारी. पहिला परवानगीचा मामला, दुसरा मालकीचा. बाईंचा गोंधळ नेमका इथेच झाला होता: परवानगी गेली, मालकी तशीच राहिली. मी पहिल्याला 'नेमणे' आणि दुसऱ्याला 'सोपवणे' म्हणायला लागलो, आणि अख्ख्या डॉक्युमेंटमध्ये अदलाबदल होऊ दिली नाही. जमलं तर स्क्रीनवरचे शब्दही बदलून घ्या. डेव्हलपर कुरकुर करतील, करू द्या.

मग वाटपाचे नियम. हे नुसते सांगून डोक्यात शिरत नाहीत, उदाहरण खेळून दाखवावं लागतं. समजा तक्रार अकाउंटवर अ, ब, क असे तीन एजंट आहेत आणि पाळीपाळीने वाटप चालू आहे. पहिला मेल अ ला, दुसरा ब ला, तिसरा क ला. चौथा आला तेव्हा अ 'उपलब्ध नाही' वर आहे, म्हणून तो ब कडे गेला. पाचवा येईपर्यंत अ परतला. आता पाळी कोणाची, क ची की हुकलेल्या अ ची? आणि मधेच पहिल्या मेलच्या ग्राहकाने उलट उत्तर पाठवलं तर ते पुन्हा अ कडेच जाणार की पाळीत मोडणार? बहुतेक टूल्स इन-रिप्लाय-टू आणि रेफरन्सेस हे हेडर (मेलसोबत जाणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या माहितीच्या ओळी) बघून जुना धागा ओळखतात, काही विषयातला टिकट नंबर, म्हणजे त्या प्रकरणाला दिलेला क्रमांक, बघतात. ग्राहकाने तोच विषय हाताने टाइप करून नवा मेल पाठवला तर त्यात ते हेडर नसतात, मग तो नवा मेल धरला जाऊ शकतो. तुमचं टूल काय करतं ते डेव्हलपरला विचारा, पण नुसतं ऐकून लिहू नका. टेस्ट अकाउंटवर पाच-सहा मेल टाकून बघा. मला छातीठोकपणे सांगितलेल्या तीन गोष्टींतली एक खोटी निघाली होती.

दोन अकाउंट्सवर नेमलेला एजंट उत्तर देतो तेव्हा प्रेषक म्हणून कोणता पत्ता जातो, हे ठळक लिहा. बिलिंगचा मेल, उत्तर गेलं सपोर्टच्या पत्त्यावरून, आणि ग्राहकाचं पुढचं उत्तर भलत्याच अकाउंटमध्ये, असं होऊ शकतं. ऑटो-रिप्लायबद्दलही दोन ओळी हव्यात. समोरही ऑटो-रिप्लाय असेल तर दोन्हीकडून मेलांचा पूर येतो. ते टाळायला ऑटो-सबमिटेड नावाचं हेडर आहे, २००४ च्या आरएफसी ३८३४ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजातलं. तुमचं टूल ते बघतं का, एवढं तपासून नोंदवा.

अकाउंट जोडण्याचा भाग, म्हणजे आयमॅपचा (मेल आणायची पद्धत) पोर्ट ९९३, एसएमटीपीचा (मेल पाठवायची पद्धत) ५८७ वगैरे, वेगळ्या पानावर टाका. तो एकदाच लागतो आणि लवकर शिळा होतो. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइन या आपल्या मेल सेवेत आयमॅपसाठी साधं युजरनेम-पासवर्ड लॉगिन बंद करायला घेतलं, तेव्हा 'इथे पासवर्ड टाका' म्हणणारी किती पानं वाया गेली असतील! त्या पानावर शेवटचं कधी तपासलं ती तारीख घाला.

लिहून झालं की टूल कधीच न पाहिलेल्या एखाद्याला बसवा आणि काम द्या: 'ब उद्यापासून रजेवर आहे, त्याचे उघडे मेल क कडे सोपव, पण ब ची नेमणूक काढू नकोस.' तुम्ही शेजारी गप्प बसा. तो जिथे माउस थांबवून तुमच्याकडे बघेल, ती जागा लिहून घ्या. मला पहिल्या बैठकीत अशा अकरा जागा मिळाल्या होत्या.