उणे चाळीसला शाळा बंद असते का?

तुम्ही विचारलंत, "ताई, मिस्टरांचं कॅनडात विनिपेगचं जमलंय, मार्चमध्ये निघतोय. मुलगा सहा वर्षांचा, इथे विश्रामबागेत पहिलीत आहे. तिकडे उणे चाळीस होतं म्हणतात. मग शाळा बंद ठेवतात का? आणि ठेवायला नको का?" मीही सांगलीचीच, गावभागातली, आता विनिपेगला असते. दोन ओळींत उत्तर देऊन झोपणार होते. साडेअकरा वाजले आहेत.

व्हिसा, बँक, विमा सगळं सरकारी वेबसाइटवर आहे, ते लिहीत नाही. फक्त मुलाचा जन्मदाखला आजच बाहेर काढून बघा. आमच्या दाखल्यावर मुलाच्या नावाचा रकाना रिकामाच होता, कारण नोंद बारशाच्या आधीची. ते नाव घालून घ्यायला माझे चार हेलपाटे झाले, आणि प्रत्येक खेपेला खिडकीतला माणूस नवीन कागद मागायचा. लसीकरणाचं कार्डही मराठीत. भाषांतर करणाऱ्याने "त्रिगुणी" लसीचं असं काही करून ठेवलं की इथल्या नर्सने विचारलं, हे नक्की कशाचं औषध? जाऊ दे. तो राग अजून उतरलेला नाही, पण तुमचा प्रश्न थंडीचा आहे.

तर, नाही. शहरातली शाळा थंडीसाठी सहसा बंद होत नाही.

आपल्याला सवय आहे ती कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या आकड्याची. पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका, मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आणि शाळेला सुट्टी. आपण फक्त आकडा ऐकायचा, ठरवायचं काम दुसऱ्याचं. इथेही एक आकडा आहे, विंडचिल, म्हणजे वाऱ्यामुळे कातडीला जाणवणारी थंडी. हवा उणे 28 असेल आणि वारा ताशी 30 किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ते उणे 43 लागतं. त्या थंडीत गाल किंवा कान गोठायला पाच-दहा मिनिटं पुरतात. विंडचिल उणे 28 च्या आसपास गेलं की मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर सोडत नाहीत. उणे 45 च्या सुमारास गावाबाहेरच्या लांब पल्ल्याच्या स्कूलबस बंद होतात. पण इमारत उघडी असते. घरी ठेवायचं असेल तर ते आईबापांनी ठरवायचं. हे "तुम्ही ठरवा" फार अवघड असतं हो.

आणखी एक फसवणूक. सगळ्यात कडाक्याच्या दिवशी बहुतेक वेळा आभाळ निळंशार असतं, लख्ख ऊन. मुलगा खिडकीतून बघून म्हणतो, आज छान आहे, टोपी नको. आपल्याकडे पारा 12 वर आला की आपण माकडटोप्या काढतो, आणि इथे उन्हात जीव काकडतो.

आता जे सांगायचं नव्हतं ते. जानेवारी 2019. अतिथंडीचा इशारा लागलेला. माझी आतेबहीण शिकागोला असते. तिकडे पारा उणे 30 च्या आसपास गेला आणि 30 आणि 31 तारखेला शाळा बंद. तिने पोरांचा फोटो पाठवला, दोघं दुलईत, हातात भडंगाची वाटी. आमच्याकडे शाळा चालू. सांगलीत मी पतसंस्थेत हिशेब बघायचे, इथे पहिली दोन वर्षं एका बेकरीच्या कारखान्यात ताशी पगारावर होते. शिफ्ट साडेआठची. शाळेचं दार उघडायचं आठ चाळीसला. घरापासून शाळा चालत बारा मिनिटं. पाच-दहा मिनिटांचा हिशेब मला तेव्हा माहीत नव्हता. माहीत असता तरी काय केलं असतं, सांगता येत नाही.

आठ दहाला मी त्याला दाराशी आडोशाला उभं केलं. दोन मोठी मुलं होती, त्यांना खुणेनं सांगितलं आणि बस पकडली. काचेच्या आत एक माणूस फरशी पुसत होता. त्याने आमच्याकडे बघितलं. दार उघडलं नाही, वेळेआधी उघडायचं नाही असा नियम.

साडेनऊला फोन आला. गेले तर पोराचा डावा कान पांढराफटक, मेणासारखा. मी आपली आईसारखी दोन्ही हातांनी चोळायला लागले, तर बाईंनी माझा हात धरला. चोळायचं नसतं, कातडीला आतून इजा होते. कोमट हात नुसता धरून ठेवायचा. हे तुम्ही लक्षात ठेवा. शिफ्टचे पैसे गेले ते गेलेच. आठवड्याने शाळेचं पत्र आलं: कृपया मुलांना ठरलेल्या वेळेआधी सोडू नये. पत्रातला शब्दन् शब्द बरोबर होता. तेच अजून सलतं.

म्हणून "बंद ठेवायला नको का" याला माझं उत्तर, नको. तेव्हा विचारलं असतंत तर भांडले असते. पण इथे थंडीला सुट्टी द्यायची तर कधी कधी आठवडाच्या आठवडा द्यावा लागेल. नव्याने आलेल्यांच्या भाड्याच्या घरापेक्षा शाळेतली ऊब बरी. आणि ताशी पगारावरच्या आईने पोराला ठेवायचं कुणाकडे? सासूबाई पलूसला. उणे 30 ला वर्ग धोक्याचा नसतोच, धोक्याचा असतो रस्ता आणि ते बंद दार. विंडचिल एका आकड्याखाली गेलं की दार अर्धा तास आधी उघडा, एवढा एक नियम हवा. मी एकदा पालकसभेत उठून हे बोलले, मोडक्या इंग्रजीत. नोंद घेतली म्हणाले.

तुम्ही जाताच विचारा: दार किती वाजता उघडतं, मुलाला वेळेआधी आणून सोडायची सोय आहे का, तिचे पैसे किती. कपडे इथे आल्यावरच घ्या. हातमोजे पाच बोटांचे नकोत, एका पिशवीसारखे हवेत, बोटं एकमेकांना ऊब देतात. मफलर नको, खेळताना अडकतो. गळ्यात घालायची लोकरीची नळी मिळते, ती घ्या. सुती मोजे घामाने ओले होतात आणि मग पाय गार पडतात, म्हणून लोकरीचेच.

एकटेपणाचंही विचारलंत. असतो. कामाला लागलं की कमी होतो.

मुलगा आता माझ्यापेक्षा उंच आहे. तो दिवस आठवत नाही म्हणतो. कान मात्र थंडीत उजव्याच्या आधी डावाच लाल होतो, आणि तो टोपी घालत नाही.

आईला हे मी अजून सांगितलेलं नाही. ती रोज फोनवर विचारते, आज किती गं? मी दहा अंश कमी करून सांगते. 2019 च्याच ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा मी इथून विचारत होते, आई, पुलावर किती? ती म्हणायची, पन्नासच्या आत आहे, तू जेवलीस का. खरा आकडा माझ्यासमोर मोबाईलवर होता.