‘१२ व त्यापुढील’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न: ताई, मी २५ वर्षांचा आहे, कुडाळच्या एका लहान कंपनीत काम करतो. पतसंस्थेच्या मुख्य सर्व्हरवरचा पोस्टग्रेस डेटाबेस दुसऱ्या शाखेतल्या सर्व्हरवर जसाच्या तसा ठेवण्याचं सॉफ्टवेअर आम्ही देतो. कोणती आवृत्ती कशाबरोबर चालते, याचा तक्ता आता माझ्याकडे आलाय. तो २०२१ नंतर कुणी उघडलेला नाही. त्यात ‘पोस्टग्रेस १२ व त्यापुढील’ एवढंच आहे. साहेब म्हणतात, तारीख बदल आणि पाठवून दे. काय करू?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर: तारीख बदलून पाठवू नकोस. तुझी खरी अडचण ‘व त्यापुढील’ या दोन शब्दांत आहे. २०२१ मध्ये ते लिहिणाऱ्याने १६ आणि १७ पाहिलेलीही नव्हती, मग ती चालतील हे त्याने कशावरून लिहिलं? पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दरवर्षी येते आणि साधारण पाच वर्षं सांभाळली जाते. १२ ची शेवटची दुरुस्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, म्हणजे तुझ्या तक्त्याचा पायाच निघून गेलाय.

आधी तुमचं सॉफ्टवेअर कोणत्या पद्धतीने नक्कल करतं ते साहेबांना विचार. स्ट्रीमिंग (मुख्य सर्व्हरवरच्या बदलांची नोंद जशीच्या तशी पलीकडे जाते) असेल तर दोन्हीकडे मोठी आवृत्ती एकच लागते. १२ ला १३ जोडता येत नाही. लॉजिकल असेल, म्हणजे टेबलांतल्या ओळींचे बदल पाठवणारं (२०१७ च्या आवृत्ती १० पासून ते पोस्टग्रेसमध्येच आहे), तर आवृत्त्या वेगळ्या चालतात, पण टेबलच्या रचनेतले बदल आपोआप पलीकडे जात नाहीत. दोन्ही पद्धती एकाच ओळीत कोंबल्या असतील तर ती ओळ आजच काढ.

आता माझ्यावर बेतलेलं सांगते. रत्नागिरीजवळच्या एका पतसंस्थेचे सर्व्हर मी बघायचे. मिरगाच्या तोंडावर वीज पडली आणि दुय्यम, म्हणजे नक्कल ठेवणारा सर्व्हर जळाला. नवीन मशीन आलं, त्यावर उबुंटू २०.०४ ही ऑपरेटिंग सिस्टिम. मुख्य सर्व्हर १८.०४ वरच होता. पोस्टग्रेस दोन्हीकडे १२. तक्ता बघितला, जुळतंय म्हटलं, जोडून दिलं. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मुख्य सर्व्हर बसला, म्हणून आम्ही दुय्यमवर आलो. चाकरमानी आलेले, काउंटरवर गर्दी, आणि क्लार्क सांगतोय की खातं सापडत नाही. एक आजोबा पासबुक हातात धरून उभे होते. त्यात शिल्लक छापलेली, आणि संगणक म्हणतो असं खातंच नाही.

खातं होतं. ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर येणारी जीलिबसी नावाची लायब्ररी शब्दांचा क्रम ठरवते आणि तिच्या २.२८ आवृत्तीत तो क्रम बदलला. १८.०४ मध्ये ती २.२७ आहे, २०.०४ मध्ये २.३१. जुनीत ‘११’ आधी आणि ‘१-१’ नंतर, नवीत उलटं. आमचे खातेक्रमांक मधे आडवी रेघ असलेले. इंडेक्स, म्हणजे खातं पटकन शोधायची क्रमवार यादी, जुन्या क्रमाने रचून आला होता आणि शोध नव्या क्रमाने चालला होता. इंडेक्स पुन्हा बांधले, संध्याकाळी खाती दिसू लागली. पण आजोबा दुपारीच रिकाम्या हाताने गेले होते. तक्त्यात ऑपरेटिंग सिस्टिमचा रकाना असता तर जोडतानाच माझा हात थांबला असता.

म्हणून प्रत्येक ओळीत दोन्ही सर्व्हरची पोस्टग्रेस आवृत्ती, दोन्हीकडची ऑपरेटिंग सिस्टिम, तुमच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, तपासल्याची तारीख आणि तपासणाऱ्याचं नाव हवं. आवृत्ती आठवणीतून लिहू नकोस, सर्व्हरलाच विचार आणि जे उत्तर येईल ते चिकटव. शेवटच्या रकान्यात तीनच शब्दप्रयोग ठेव: ‘तपासले, चालते’, ‘तपासले, चालत नाही’ आणि ‘तपासलेले नाही’. तिसरा लिहायला साहेब कचरतील. तू तो लिहीच. रिकामी जागा दिसली की लोक ‘चालत असेल’ असं धरून चालतात.

तक्ता कोडच्याच फोल्डरात ठेव, आणि ओळ बदलल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर जाणार नाही असं ठरवून घ्या. पोस्टग्रेसच्या लहान दुरुस्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी येतात. ते चार गुरुवार कॅलेंडरवर आत्ताच खुणावून ठेव. दुरुस्ती चढवताना आधी दुय्यम, मग मुख्य, हेही तक्त्याखाली लिही.

आणि पहिली ओळ भरण्याआधी तुमच्या सगळ्या पतसंस्थांना फोन कर. कुणाकडे मशीन बदललंय का, एवढंच विचार.