शंभरापर्यंत भागून पाहिले, पुढे काय?

प्रश्न : ४,२९,४९,६७,२९७ या संख्येला १०० पर्यंतच्या पंचवीसही मूळ संख्यांनी मी भागून पाहिले, कोठेही निःशेष भाग गेला नाही. ही संख्या मूळ आहे असे आता मानावे काय?

उत्तर : मानता येणार नाही, मात्र या संख्येने खुद्द फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्मा यांनाही चकवले होते, हे आधी सांगायला हवे. आपली संख्या म्हणजे २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून येणारी संख्या. घातांक १, २, ४, ८ आणि १६ घेतल्यास याच रीतीने ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात. त्या पाचही मूळ असल्यामुळे, घातांक असाच दुप्पट करीत गेल्यास मूळ संख्याच मिळत राहतील, असे मत फर्मा यांनी १६४० मध्ये मांडले. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलर यांनी आपल्या संख्येचे ६४१ × ६७,००,४१७ असे अवयव दाखवून ते खोडून काढले.

आपली पद्धत बरोबरच होती, पण आपण फार लवकर थांबलात. संख्येचे वर्गमूळ ६५,५३६ हून किंचित अधिक आहे, म्हणून तेथपर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्या तपासल्याखेरीज केवळ भागाकाराच्या बळावर ती मूळ ठरवता येत नाही. ६४१ ही क्रमाने ११६ वी मूळ संख्या असल्याने आणखी ९१ भागाकारांत आपल्याला ती सापडली असती.

तेवढेही श्रम नकोत. या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागल्यास बाकी १ उरलीच पाहिजे, असे सिद्ध करता येते (आणि त्या सिद्धतेचा आधार फर्मा यांचेच एक प्रमेय आहे!). त्यामुळे तपासायच्या संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ एवढ्याच राहतात.

६४१ ने भाग जातो याची खात्री तर प्रत्यक्ष भागाकार न करताही पटते. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ५ × २⁷ ला ६४१ ने भागल्यास बाकी −१ मानता येते; तिचा चौथा घात केला की ५⁴ × २²⁸ ची बाकी १ येते. दुसरीकडे ६४१ = ६२५ + १६, म्हणजे बाकीपुरते ५⁴ च्या जागी −२⁴ लिहिता येते. तसे लिहिल्यावर −२³² ची बाकी १ ठरते, आणि २³² + १ ची शून्य.

हीच संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात दोन प्रकारे लिहिता येते : ६५,५३६² + १² आणि ६२,२६४² + २०,४४९². मूळ संख्येला असे दोन प्रकार कधीच लाभत नाहीत. त्यामुळे एकही अवयव हाती नसताना केवळ या दोन बेरजांवरूनसुद्धा ती संयुक्त असल्याचे ठरले असते. उरलेला अवयव ६७,००,४१७ मात्र खरोखरच मूळ आहे.