मिशनसेवेसाठी परदेशी जाताना घरच्यांचा निरोप कसा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत दोन वर्षांच्या सेवेसाठी केनियाला निघायचंय, चर्चच्या मंडळीने निरोपाची सभा ठेवलीय, आई येता-जाता रडते आणि वडील तर बोलतच नाहीत. मी नगरची, पेशाने नर्स. पश्चिम केनियातल्या एका मिशन दवाखान्यात काही वर्षं होते, म्हणून उत्तर देतेय.

आईचं रडणं राहू द्या, ती रडून मोकळी होतेय. वडिलांकडे बघा. 'देवाचं पाचारण आहे' हे त्यांना किती वेळा ऐकवलंत? ते खरं असेल, पण घरात जपून वापरायचं वाक्य आहे. विश्वासणारा माणूस त्यावर काय बोलणार? तुमच्याशी वाद घालता येतो, देवाशी कसा घालायचा? मग तो गप्प बसतो. तेव्हा त्यांना पटवायला जाऊ नका. एकटे असतील तेव्हा शेजारी बसून एवढंच विचारा, की मी गेल्यावर तुम्हाला नेमकी कसली काळजी आहे. माझ्या वडिलांनी बराच वेळ घेऊन सांगितलं: दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, बँकेत कोण नेणार? मी काय काय ऐकायच्या तयारीने बसले होते!

निरोपाचं खरं काम तिथूनच सुरू होतं. दाखल्याला कोण नेणार, आईच्या मोतीबिंदूचं कोण बघणार, दवाखान्याचं बिल आलं तर पैसे कुठून काढायचे, हे नाव घेऊन ठरवा. 'भाऊ आहेच की' म्हणून सोडू नका. भावाला आणि वहिनीला समोर बसवून विचारा, कारण निम्मं काम वहिनीवरच पडणार असतं आणि तिला कुणी विचारलेलं नसतं. सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर कुलमुखत्यारपत्र करून ठेवा, नाहीतर एका सहीसाठी सगळं अडून बसतं. हे व्यवहारी वाटत असेल तर बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 19 वा अध्याय उघडा. वधस्तंभावरून प्रभू येशूने आईला शिष्याच्या हवाली केलं आणि त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेलं. आणि मार्काच्या 7 व्या अध्यायात, आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलं असं सांगून हात झटकणाऱ्यांना त्याने चांगलंच सुनावलंय. मिशनसभांमध्ये तो भाग फारसा वाचला जात नाही, का ते तुम्हीच ओळखा.

एक विषय घरात कुणीच काढणार नाही, तो तुम्हीच काढा. त्यांच्या मनात असतं: 'आमच्यातलं कुणी गेलं तर तू येशील का?' मुंबई–नैरोबी थेट विमान सहा तासांच्या आसपासचं आहे, पण आतल्या गावातून नैरोबी गाठण्यात दिवस मोडतो आणि तिकीट हवं तेव्हा मिळेलच असं नाही. आपल्याकडे दफन बहुधा दुसऱ्या दिवशी उरकतात. तुमच्यासाठी थांबायचं का, किती थांबायचं, हे आत्ताच बोलून घ्या. आमच्याकडे हे बोलणं झालं त्या रात्री आई जेवली नाही. पण पुढे मी तिकडे असताना आजी गेली तेव्हा कुणी कुणाला दोष दिला नाही.

सभेबद्दल. आपल्या निरोपाच्या सभांना अजून दोनशे वर्षांपूर्वीचा सूर आहे. तेव्हा तो खरा होता. मिशनरी हॅरिएट न्यूवेल 1812 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सेलम बंदरातून निघाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मॉरिशसला वारली, वय 19. त्याच वर्षी निघालेला गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईला पोचला. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात करणाऱ्यांपैकी तो एक. 1825 मध्ये त्याने बायको-मुलांना अमेरिकेला जायला जहाजात बसवून दिलं आणि पुढच्याच वर्षी नाशिकच्या बाजूला दौऱ्यावर असताना पटकीने गेला. पुन्हा भेट नाही. त्या लोकांनी 'आता स्वर्गातच भेटू' म्हटलं तर ते शब्दशः होतं. दोन वर्षांसाठी जाणाऱ्याच्या आईसमोर तो सूर कशाला लावायचा? पाळकसाहेबांना आधीच सांगून ठेवा, की माझ्या वडिलांना दोन शब्द बोलायला उभं करू नका. 'धन्य ते आईबाप' म्हणून टाळ्या पडल्या की माणूस घरी येऊन आणखी गप्प होतो.

आजी-आजोबा असतील तर त्यांना वेगळं भेटा, सगळ्यांच्या गर्दीत नको. तिथे मात्र खरं बोला. बायबलमध्ये प्रेषित पौलाने मिलेत गावी इफिसच्या मंडळीच्या वडीलजनांना तोंडावर सांगितलं की तुम्ही मला पुन्हा पाहणार नाही. ते गळ्यात पडून रडले आणि मग जहाजापर्यंत सोडायला गेले.

जाण्याच्या दिवशी क्रूझर भरून माणसं मुंबईला येतीलच, येऊ द्या. पण विमानतळाच्या दारावर तिकीट-पासपोर्ट बघून एकट्यालाच आत सोडतात, मागून गाड्यांचे हॉर्न चालू असतात. प्रार्थना, गळाभेट सगळं घरीच उरकून निघा. आई देईल ती चटणी घ्या, बॅगेचं वजन कपडे काढून कमी करा.

फोनचा एकच वार ठरवा. रोज करायला लागलात आणि एक दिवस चुकला की तिकडे घाबरगुंडी उडते. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिथली रविवारची उपासना दुपारी एकपर्यंत सहज लांबते, म्हणजे नगरला साडेतीन. वडिलांची झोप झालेली असते.

आणि पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचं कार्ड कायम पासपोर्टसोबत ठेवा. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. घाईने परत यायची वेळ आली आणि ते कार्ड नसलं तर इथे उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. आईवडील तुम्हाला भेटायला येणार असतील तर त्यांनाही ते लागेल. साठीच्या पुढे ही लस डॉक्टर विचार करून देतात, तेव्हा आधी विचारून घ्या.